आठवणींचं इंजेक्शन देता येतं, असं मानणारे जॉर्ज उंगार

एका उंदराच्या मेंदूत बसलेली भीती काढून दुसऱ्या उंदराला इंजेक्शनमधून देता येईल? ऐकायला सिनेमाची गोष्ट वाटते. पण जॉर्ज उंगार यांनी आयुष्यातली शेवटची दहा-बारा वर्षं यावरच घालवली.

उंगार 1906 साली बुडापेस्टमध्ये जन्मले. ते काही हौशी गडी नव्हते. 1937 मध्ये पॅरिसला डॅनियल बोवे यांच्यासोबत त्यांनी हिस्टामाइनला रोखणाऱ्या औषधांवर काम केलं. आज आपण सर्दी-ॲलर्जीवर ज्या गोळ्या घेतो, त्यांची सुरुवात तिथली. बोवे यांना पुढे 1957 चं नोबेल मिळालं. उंगार अमेरिकेत गेले आणि ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतीच्या मागे लागले.

प्रयोग साधा होता. उंदराला अंधार आवडतो. पेटीत एक कप्पा उजेडाचा, एक अंधाराचा. अंधाऱ्या कप्प्यात शिरला की पायाला विजेचा झटका. काही दिवसांत उंदीर अंधार टाळू लागतो. मग त्याच्या मेंदूचा अर्क काढून लहान जातीच्या उंदरांना टोचायचा. या उंदरांनी झटका कधीच खाल्लेला नसायचा, तरी तेही अंधार टाळायचे, असं उंगार यांचं म्हणणं.

अर्कातला नेमका पदार्थ मिळवायला सुमारे 4,000 उंदरांचे मेंदू लागले. हाती आलं 15 अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. त्याला नाव दिलं स्कोटोफोबिन, ग्रीकमध्ये अंधाराची भीती. 1972 मध्ये ‘नेचर’ने हा शोध छापला, पण त्याच अंकात वॉल्टर स्टुअर्ट यांची टीकाही छापली, आणि ती मूळ लेखापेक्षा लांब होती! पदार्थ खरोखर शुद्ध आहे का, त्याची रचना पक्की ठरली आहे का, याचेच पुरावे तोकडे आहेत, हा मुख्य आक्षेप. इतर प्रयोगशाळांत कधी परिणाम दिसायचा, कधी नाही. विज्ञानात असं ‘कधी कधी’ चालत नाही. 1977 मध्ये उंगार गेले आणि स्कोटोफोबिनही मागे पडलं.

पण पेप्टाइडचा स्मृतीशी संबंधच नाही, असंही नव्हतं. त्याच काळात नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे डेव्हिड द वीड वेगळ्या वाटेने चालले होते. पियुषिका ग्रंथीचा मागचा भाग काढलेले उंदीर झटका टाळायला नीट शिकायचे, पण ती सवय लवकर सोडून द्यायचे. व्हॅसोप्रेसिन दिलं की सवय टिकायची. हे तेच संप्रेरक, जे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. ते स्मृतीवर थेट काम करतं की फक्त उंदराला जास्त सावध करतं, यावरही पुढे बराच वाद झाला. मात्र फरक लक्षात घ्या: उंगार यांच्या मते पेप्टाइडमध्येच आठवण लिहिलेली होती. द वीड यांच्या प्रयोगांत आठवण उंदराची स्वतःचीच होती, व्हॅसोप्रेसिन तिला फक्त जास्त दिवस टिकवत होतं.