लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले टिळक

रे. नारायण वामन टिळकांचे गीत ज्याच्या ओठी नाही असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळाच. निंबर्ग्यासारख्या मराठी-कानडी सीमेवरील गावी बसून आम्ही हे लिहितो. येथेही उपासनेचे मराठी गीत म्हटले की आम्हांला प्रथम टिळक आठवतात. परंतु गीतामागचा मनुष्य आपल्याला दिसला तो त्यांच्या पत्नीमुळे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत निघाली. ज्या बाईंना कधी शाळा मिळाली नाही, त्यांनी हे चित्र काढले.

टिळकांचा जन्म 1861 चा, कोकणातला. लहानपणीच आई गेली, वडिलांशी जमले नाही, आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. ते बेघरपण त्यांच्या अंतरी कायम राहिले. राग क्षणात येई, क्षणात जाई. हाती पैसा टिकत नसे. दुसऱ्याचे दुःख दिसले की घरची चूल विसरत. लक्ष्मीबाईंनी यातले काहीच झाकले नाही.

राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका परक्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते जिंकले गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. पतिपत्नी पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. तरी टिळकांनी आपला विश्वास त्यांच्यावर लादला नाही. तापट माणसाने धीराने वाट पाहिली. 1900 साली लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या अंतःकरणाची खरी ओळख आम्हांला या वाट पाहण्यात होते.

1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापला. 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी 64 अध्याय लिहून पुढे नेले. ज्याचे दोष उघड सांगितले, त्याचेच काम त्यांनी खांद्यावर घेतले!

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांपुढे देवाच्या सेवकांच्या नुसत्या मूर्ती मांडू नका. रागीट, विसराळू मनुष्यालाही प्रभू हाती धरतो, हे मुलांना कळू द्या. निर्दोष पुरुषाची गोष्ट ऐकून मूल हात जोडील; टिळकांची खरी गोष्ट ऐकली तर आपणही प्रभूच्या कामी येऊ, अशी त्याला आशा वाटेल.