जॉर्ज स्टिफन्सन : कोळशाच्या खाणींतून आगगाडीपर्यंत

महोत्सवाच्या स्मरणिकेंत गतकाळाचें स्मरण करावें हें उचितच आहे. परंतु ज्यांच्या हातीं पुढील पन्नास वर्षें जावयाचीं आहेत, त्या शाळेंतील मुलामुलींसही या पानांतून कांहीं मिळावें, अशी आमची इच्छा आहे. शालान्त परीक्षेनंतर पुढें काय, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जातो. इंजिनियर होणें हें श्रीमंतांच्या अथवा असामान्य बुद्धीच्या मुलांचें काम, असें पुष्कळांस वाटतें. तो समज कितपत खरा आहे, हें जॉर्ज स्टिफन्सन याच्या चरित्रावरून वाचकांनींच ठरवावें.

इंग्लंडच्या उत्तर भागांत, न्यूकॅसल शहराजवळ, टाईन नदीच्या कांठीं वायलम नांवाचें खेडें आहे. तेथें ९ जून १७८१ रोजीं जॉर्जचा जन्म झाला. त्याचे वडील कोळशाच्या खाणींतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्राची भट्टी पेटती ठेवण्याचें काम करीत. मजुरी आठवड्यास १२ शिलिंग. आईबापांस अक्षरओळख नव्हती. सारें कुटुंब एका खोलींत राहत असे, आणि दारावरून लांकडी रुळांवर घोडे कोळशाच्या गाड्या ओढीत नेत. शाळेचें तोंडही न पाहतां जॉर्ज दिवसास दोन पेनींवर गाई राखूं लागला. पुढें तो खाणींत लागला व सतराव्या वर्षीं एक पंपाचें यंत्र त्याच्या स्वाधीन झालें. फुरसत मिळतांच तो तें यंत्र खोली, पुशी आणि पुन्हां जुळवी.

यंत्रांविषयीं पुस्तकांत बरेंच कांहीं लिहिलेलें आहे, असें त्याच्या कानीं आलें. पण वाचावें कसें? अठरा वर्षांचा तो धिप्पाड तरुण रात्रीच्या शाळेंत जाऊन अक्षरें गिरवूं लागला. लहान मुलें जें शिकतात तें शिकण्याची त्यास लाज वाटली नाहीं. दिवसा यंत्राशेजारीं बसून तो हिशेब सोडवी. मिळकतीस जोड म्हणून तो जोडे शिवी व घड्याळें दुरुस्त करी.

१८०२ मध्यें त्याचा विवाह झाला व १८०३ मध्यें रॉबर्ट हा पुत्र झाला. पण १८०५ मध्यें जन्मलेली कन्या कांहीं आठवड्यांतच दगावली आणि १८०६ मध्यें पत्नी फॅनी क्षयानें वारली. त्याच सुमारास वाफेच्या अपघातांत वडिलांची दृष्टि गेली. अंध पिता, वृद्ध माता आणि आईवेगळें मूल यांचा भार एकट्या जॉर्जवर पडला. देश सोडून अमेरिकेस जावें, असाही विचार त्याच्या मनांत आला. परंतु तो राहिला.

१८११ मध्यें किलिंगवर्थ येथील एका खाणीचें यंत्र पाणी उपसण्यास असमर्थ ठरलें. जाणत्यांनीं हात टेकले, तेव्हां जॉर्जनें तें दुरुस्त करून खाण कोरडी केली. पुढील वर्षीं खाणीच्या सर्व यंत्रांची जबाबदारी त्यास मिळाली. १८१४ मध्यें त्यानें आपलें पहिलें वाफेचें चालतें इंजिन बांधिलें.

त्या काळीं खाणींत ज्वालाग्राही वायु साठे व मजुराच्या उघड्या दिव्यानें त्याचा भडका उडे. १८१२ मध्यें फेलिंग येथील एकाच स्फोटांत ९२ माणसें व मुलें मृत्युमुखीं पडलीं. अरुंद छिद्रांतून ज्योत बाहेर पसरत नाहीं, हें जॉर्जनें प्रयोगांनीं ताडलें व १८१५ मध्यें तसा दिवा तयार केला. त्याची परीक्षा घेण्यासाठीं पेटलेला दिवा घेऊन तो स्वतः वायूनें भरलेल्या जागीं गेला. त्याच सुमारास सर हम्फ्री डेव्ही या विख्यात शास्त्रज्ञानेंही स्वतंत्रपणें दिवा शोधिला होता. अशिक्षित मजुरास असा शोध लागेलच कसा, असें म्हणून जॉर्जवर चोरीचा आळ घेण्यांत आला. शेवटीं १८३३ मध्यें पार्लमेंटच्या समितीनें त्याचाही हक्क मान्य केला.

आपणांस जें मिळालें नाहीं तें मुलास मिळावें, म्हणून त्यानें रॉबर्टला न्यूकॅसलच्या शाळेंत घातलें. मुलगा ग्रंथालयांतून पुस्तकें आणी आणि पितापुत्र मिळून तीं अभ्यासीत. दोघांनीं गणित करून घराच्या दारावर एक सूर्यघटिका बसविली; तिजवर १८१६ हें वर्ष कोरलेलें आहे.

२७ सप्टेंबर १८२५ रोजीं स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. पण त्याच वर्षीं लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाचें बिल पार्लमेंटपुढें आलें असतां मोजणीचे आंकडे चुकीचे निघाले. तीं मापें सहाय्यकांनीं घेतलीं होतीं, पण जॉर्जनें तीं तपासलीं नव्हतीं. त्याच्या खेडवळ बोलीची थट्टा झाली, बिल फेटाळलें गेलें व काम दुसऱ्यांकडे गेलें. विद्यार्थ्यांनीं हा प्रसंग विसरूं नये : इंजिनियरचा आंकडा हें त्याचें वचन असतें.

१८२६ मध्यें बिल मंजूर होऊन जॉर्जला पुन्हां पाचारण झालें. मार्गांत चॅट मॉस नांवाची विस्तीर्ण दलदल होती. त्यानें झुडपें व काटक्यांचे ताटवे अंथरून त्यांवर रूळ जणूं तरंगते ठेविले. १८२९ मध्यें रेनहिल येथें इंजिनांची शर्यत झाली. रॉबर्टच्या कारखान्यांत बांधिलेल्या रॉकेट इंजिनाच्या बाष्पपात्रांत एका जाड नळीऐवजीं २५ बारीक तांब्याच्या नळ्या होत्या; त्यामुळें पाण्यास अधिक उष्णता लागून वाफ भरपूर निघे. इतर इंजिनें नादुरुस्त झालीं; रॉकेटनें ५०० पौंडांचें बक्षीस मिळविलें. १५ सप्टेंबर १८३० रोजीं तो मार्ग खुला झाला. १२ ऑगस्ट १८४८ रोजीं जॉर्ज निवर्तला.

या कथेचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनियर हाच रॉबर्ट होता, आणि मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखालीं तयार झालेला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास २१ मैल जी गाडी धांवली, तिच्यामागें एका मजुराच्या रात्रीच्या अभ्यासाचेंही पुण्य होतें.

मुलांनो व मुलींनो, सायकल खोलून पाहणारे, बिघडलेला पंखा स्वस्थ बसूं न देणारे तुमच्यांत पुष्कळ आहेत. त्या जिज्ञासेस गणिताची जोड द्या. तंत्रनिकेतन असो वा अभियांत्रिकी महाविद्यालय, वाट तेथून निघते. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, घरीं हात कमी पडतात म्हणून लेंकरास शाळेंतून काढूं नका. अक्षरशत्रु बापाच्या पुत्रानें स्वतःच्या पुत्रासाठीं जें केलें, तें आपणांसही अशक्य नाहीं.