कै. गोविंदराव टेंबे

युरोपात पियानोपुढे एकट्याने बसून सारी सभा जिंकणारे वादक पुष्कळ होऊन गेले. आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्यास तसा मान मिळवून द्यावयाचा, तर वाद्यही निराळे आणि अडचणीही निराळ्या. ते कार्य ज्यांनी केले त्यांत कै. गोविंद सदाशिव टेंबे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अमरावती-अकोल्याकडील धर्मग्रामांत भजनाच्या वेळी जी पेटी पुढे ओढली जाते, तिच्या या थोर वादकाचे चरित्र महोत्सवाच्या अंकात असावे, असे आम्हांस वाटले.

पेटीचे कुळ परदेशी आहे. पॅरिसच्या देबँ नामक कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे हक्क नोंदविले. मोठा ऑर्गन ज्यांस परवडत नसे अशा लहान देवळांची तिने सोय केली, आणि मिशनरी मंडळींबरोबर ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणली, तेव्हा मांडी घालून बसणाऱ्या गवयाशेजारी तिला जागा मिळाली. पण ती साथीपुरतीच. स्वतंत्र वाद्य म्हणून तिला कोणी फारसे विचारीत नसे, आणि त्यास कारणही होते. पेटीची प्रत्येक पट्टी एकाच सुराशी जखडलेली. एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही निसटतात. आपल्या गायनाचा प्राण ज्यात आहे, नेमके तेच तिच्यात उणे!

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापुराजवळील सांगवडे येथे झाला. पेटीवर त्यांनी आपला हात आपणच तयार केला. कोल्हापूरच्या देवल क्लबात थोरामोठ्यांचे गाणे कानी पडले, आणि भास्करबुवा बखले यांस तर ते गुरुस्थानी मानीत. बुवांची साथ करता करता ख्यालाचा विस्तार आणि ठुमरीची लाडिक वळणे त्यांच्या बोटांत उतरली. पेटीवर मींडेचा केवळ भासच उत्पन्न करता येतो. भात्याचा दाब सांभाळावा, सुरास सूर हलकेच भिडवावा, एवढेच वादकाच्या हाती. गोविंदरावांनी तेवढ्या भांडवलावर पेटीला गावयास लावले.

१९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. कीर्तनी वळणाच्या जुन्या चालींऐवजी त्यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी नाट्यपदांत आणल्या, आणि बैठकीचे गाणे ज्यांच्या वाट्यास कधी आले नसते, त्यांच्याही ओठी ते जाऊन बसले. आमच्या मते त्यांच्या वादनाहूनही हे काम मोठे. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पण लवकरच ते तीतून बाहेर पडले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. चांगल्या चालत्या कंपनीची भागीदारी सोडणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी बोलपटात पाऊल टाकले. १९३२ सालच्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र तेच, आणि संगीतही त्यांचेच. तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नसल्याने नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. ‘माझा संगीत व्यासंग’ हा त्यांचा ग्रंथ १९३९ सालचा. गवयांविषयी इतक्या जाणतेपणाने व आपुलकीने लिहिलेली पुस्तके मराठीत थोडीच आहेत.

त्याच्या पुढल्याच वर्षी, मार्च १९४० पासून, आकाशवाणीने पेटीस बंदी केली. कारण तेच जुने, मींड आणि श्रुती! आक्षेप खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही; पण गोविंदरावांची पेटी ज्यांनी ऐकली, त्यांस तो पुरताही पटला नसावा. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव निवर्तले, तेव्हा ती बंदी कायमच होती. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले.