कमला सोहोनी : दूध आणि डाळींचं विज्ञान उलगडणाऱ्या शास्त्रज्ञ

बाळाला सहा महिने झाले की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. वरचं अन्न म्हणून काय भरवायचं? आणि आईचं दूध पुरत नसेल तर डब्यातलं कोणतं दूध आणायचं? बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत असो की मुंबईत, दुकानातले सगळे डबे सारखेच दिसतात. दुधात आणि डाळीत नेमकं काय असतं, हे कळलं तर निवड सोपी होते. एका मराठी शास्त्रज्ञाने आपल्या संशोधनाची सुरुवातच या प्रश्नापासून केली होती. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. केवळ मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या थेट रामन यांना जाऊन भेटल्या आणि नकाराचं कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. वर्षभर त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

तिथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीत एकत्र येतात तेच हे दोन पदार्थ. 1936 साली एमएस्सी पूर्ण करून त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशी ऊर्जा कशी तयार करतात, यात 'सायटोक्रोम सी' या घटकाचा वाटा त्यांनी दाखवला. 1939 साली त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात.

परदेशात संधी असूनही त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा इथे काम केल्यावर 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न करून त्या मुंबईला आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसोबत कडधान्यांमधला एक अडथळा अभ्यासला. प्रथिनं पचवण्यासाठी आपल्या शरीरात ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. कच्च्या कडधान्यांतले काही घटक हे विकर रोखून धरतात. चांगलं शिजवलं की या घटकांचा जोर बराच कमी होतो. म्हणूनच बाळाची डाळ मऊ शिजवून, घोटून द्यायची. बुलढाण्यात भरपूर पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये हे घटक जास्त असतात. त्यामुळे घरी काढलेलं सोयाबीनचं दूध बाळाच्या दुधाऐवजी देऊ नये.

नीरा या ताडवर्गीय झाडांच्या रसावरही त्यांनी काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. 1998 साली त्यांचं निधन झालं.

मग आज डबा निवडताना काय पाहायचं?

सहा महिन्यांनंतरही आईचं दूध उत्तमच. ते दोन वर्षं आणि त्यापुढेही, वरच्या अन्नासोबत चालू ठेवता येतं. ते शक्य नसेल तर डॉक्टरांना विचारून फॉर्म्युला घ्या. डब्यावर बाळाचं वय, घटक आणि मुदत वाचा. सहा महिने झाले म्हणून 'दोन नंबर'चा डबा घेतलाच पाहिजे असं नाही. असं वेगळं दूध गरजेचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे. महाग डबा म्हणजे जास्त पौष्टिक, असंही नाही. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या जाहिरातींना बंदी आहे. तेव्हा चित्रावर किंवा दुकानदाराच्या शिफारशीवर विसंबू नका.

पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. डबा पुरवायला पाणी वाढवलं तर बाळाचं पोट भरतं, पण पोषण होत नाही. पाणी उकळलेलंच हवं. गाईच्या दुधात लोह कमी असतं, म्हणून पहिल्या वर्षात बाळाला नुसत्या वरच्या दुधावर ठेवू नका.

आणि डबा कोणताही असो, सहा महिन्यांनंतर एकटं दूध पुरत नाही. शिवारातली तूर-मूग, भात आणि चमचाभर तूप यांची मऊ खिचडी त्याच्या जोडीला हवीच. दूध आणि डाळ ही बाळाच्या वाटीतली जोडी कमलाबाईंनी नव्वद वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत अभ्यासायला घेतली होती.