पन्नास सह्या घेऊन या, मग बोला!

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एकीने गॅदरिंगच्या खर्चाचा हिशोब मागितला. हिशोब मिळाला नाहीच, उलट प्रश्न आला. तू कोण विचारणारी? ती बिचारी गप्प बसली.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलाने या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून तयार ठेवलं होतं. नाव गणेश वासुदेव जोशी. आपण त्यांना ओळखतो ते ‘सार्वजनिक काका’ म्हणून.

जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुण्यात आधी नोकरी, मग वकिली. तेव्हा पर्वती संस्थानाच्या कारभारावर लोक नाराज होते. देवस्थानच्या पैशाचं पंच करतात काय, हे कट्ट्यावर सगळेच बोलायचे, पण विचारायचं कोणी? आणि विचारणाऱ्याचं ऐकायचं तरी कोणी? यातूनच २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा उभी राहिली.

सभेचा एक नियम मला भारी वाटतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय, ते आधी दाखवा. असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्या मागे सहा हजारांवर लोक. निवडणूक वगैरे प्रकार सामान्य माणसाच्या वाट्याला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे! इथून पुढे प्रश्न फक्त पर्वतीपुरते राहिले नाहीत.

१८७२ मध्ये काकांनी स्वदेशीचं व्रत घेतलं आणि खादी वापरायला लागले. गांधीजी तेव्हा दोन-तीन वर्षांचे होते. १८७७ च्या एक जानेवारीला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला लॉर्ड लिटनने दरबार भरवला. राजेरजवाडे रत्नं घालून आलेले आणि त्यांच्यात हे पांढऱ्या खादीत, सभेचं मानपत्र घेऊन हजर. मानपत्रात कौतुकासोबत मागण्याही होत्याच.

पण खरी परीक्षा दिल्लीत नव्हती, घरी होती. दरबार भरला तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. खडी फोडून, रस्ते करून लोक जगत होते. सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं. म्हणजे अर्धा किलोही नाही, तेही दिवसभर राबणाऱ्या माणसाला. सरकारचं म्हणणं, एवढं पुरतं. इथे हेतूचा प्रश्न येतो. याच टेंपलने तीनच वर्षांपूर्वी, १८७४ च्या दुष्काळात, बाहेरून धान्य आणून माणसं जगवली होती आणि फार खर्च केला म्हणून वरून बोलणी खाल्ली होती. आता त्याला काटकसर करून दाखवायची होती. पौंडाचा आकडा मजुराच्या पोटावरून ठरला की साहेबाच्या बढतीवरून? मला विचाराल तर उत्तर अवघड नाही. त्याच वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

सभेने नुसता आरडाओरडा केला नाही. काका सभेचे चिटणीस आणि सोबतीला न्यायमूर्ती रानडे. गावोगावची माहिती गोळा करायची आणि सरकारला पत्रावर पत्र पाठवायचं, असा सपाटाच लावला. तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त खायला मिळतं, हे सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. मजुरांनीही या मजुरीवर काम करायला नकार दिला. तरी त्या दुष्काळात लाखो माणसं गेली, हेही सांगायलाच हवं.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्यांचा मार्ग सशस्त्र बंडाचा, काकांचा अर्जविनंत्यांचा. शिवाय बंडखोराचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणंच. काकांनी ते घेतलं. खटला हरला, फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवलं.

पुढच्याच वर्षी, १८८० च्या जुलैत, काका गेले. वय अवघं बावन्न.