प्राध्यापक देवधरांचा संघ

मागच्या सत्रात आठवीच्या मुलांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. टीव्हीवर इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना बघताना मैदानाबाहेर कोट घातलेला एक माणूस सारखा हातवारे करताना दिसतो. तो स्वतः तर खेळत नाही. मग संघ हरला की नोकरी त्याची का जाते?

बेळगावात पावसाळा लागला की मैदान फुटबॉलचे होते, त्यामुळे असे प्रश्न आपल्या शाळेत नवे नाहीत. तो माणूस म्हणजे संघाचा मॅनेजर. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाला नव्याने आणायचे, हे सगळे तो ठरवतो. प्रीमियर लीगच्या श्रीमंत क्लबांचे मॅनेजर आपल्याला ठाऊक असतात, पण तिच्या खाली आणखी तीन व्यावसायिक विभाग आहेत. तिथल्या मॅनेजरचे काम आम्हाला जास्त अवघड वाटते. तिजोरीत पैसा थोडा, आणि एखादा पोरगा चांगला तयार झाला की मोठा क्लब त्याला उचलून नेतो. पुन्हा श्रीगणेशा.

मुलांना हे सांगताना आम्हाला आपल्याकडचे एक गृहस्थ आठवले. ते फुटबॉलचे नव्हेत, क्रिकेटचे, आणि मॅनेजर नव्हेत, कर्णधार. पण त्या काळी आपल्याकडे संघाला पगारी कोच कुठला? संघ बांधण्यापासून तो मैदानात चालवण्यापर्यंतचा बराच भार कर्णधारावरच असे. हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृत शिकवत. त्यांचे नाव प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. आजच्या मुलांना देवधर करंडक हे नाव ऐकून माहीत असते, पण त्यामागचा माणूस माहीत नसतो. म्हणून हा लेख.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी, ऐन मकर संक्रांतीच्या सुमारास, पुण्यात झाला. १९११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पहिला प्रथम दर्जाचा सामना खेळले. तेव्हा रणजी करंडक नव्हता. मुंबईत जी मोठी स्पर्धा भरे तिच्यात संघ प्रांतांचे नसत, धर्माचे असत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान असे चार संघ. देवधर हिंदूंच्या संघातून खेळत. बाळू पालवणकर आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे थोर खेळाडूही त्याच संघातले. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. ज्या पुण्यात देवधर घडले, त्याच पुण्यात तरुण बाळू पालवणकरांना सामन्यातल्या विश्रांतीच्या वेळी चहा वेगळ्या भांड्यातून आणि बाहेर दिला जाई. त्यांची गोलंदाजी चाले, पण जात आड येई. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, पण तिथवर पोहोचायला त्या घराला फार झगडावे लागले. खेळाच्या इतिहासात नुसत्या धावा मोजून भागत नाही, असे आम्हाला वाटते.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा संघ भारतात आला. हा इंग्लंडचा अधिकृत कसोटी संघ नव्हे, पण तेवढ्याच तोलाचा. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी सी. के. नायडू यांनी मुंबईत त्यांच्याविरुद्ध १५३ धावा ठोकल्या, त्यात अकरा षटकार. ती खेळी सगळ्यांच्या तोंडी असते. त्याच महिन्यात मुंबईतच अखिल भारतीय संघ एमसीसीविरुद्ध उतरला आणि त्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा केल्या. भारतीय संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली. आपली माणसे इंग्रजांसमोर उभी राहू शकतात, हे त्या दौऱ्यात दिसले, आणि पुढे दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला. त्या दौऱ्याच्या संघात देवधर नव्हते. ते चाळीस वर्षांचे झाले होते. संपूर्ण कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी आली नाही.

चाळिशीत संघाबाहेर राहिलेला खेळाडू सहसा बॅट भिंतीला टेकवतो. देवधरांचा खरा काळ इथून पुढे आला.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. आता संघ धर्माचे नव्हते, प्रांतांचे आणि संस्थानांचे होते. मुंबई इलाख्याचा एकच संघ न होता मुंबई, गुजरात आणि महाराष्ट्र असे वेगवेगळे संघ झाले. आमच्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. महाराष्ट्र राज्य झाले १९६० मध्ये. तेव्हा आपले बेळगावही मुंबई इलाख्यातच होते, आणि १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे नकाशावर महाराष्ट्र उमटायच्या पाव शतक आधी ते नाव क्रिकेटच्या धावफलकावर लागले होते. अर्थात या महाराष्ट्रात मुंबई नव्हती. मुख्यतः पुणे आणि आसपासचे जिल्हे, एवढाच त्याचा पसारा.

मुंबई नव्हती याचा अर्थ नीट समजून घ्या. मुंबईकडे जिमखाने होते, मोठी मैदाने होती, खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या होत्या. पहिले दोन्ही रणजी करंडक मुंबईनेच नेले. दुसरीकडे संस्थाने होती. नवानगरच्या जामसाहेबांना किंवा बडोद्याच्या गायकवाडांना एखादा खेळाडू आवडला, तर त्याला दरबारात चाकरी देऊन बोलावून घेता येई. तिसरा करंडक नवानगरने जिंकला. पुण्याच्या संघामागे ना महाराजा, ना मुंबईची बाजारपेठ. मग उरतात ती जिल्ह्याजिल्ह्यांतली पोरे आणि त्यांना एकत्र आणणारा कर्णधार.

त्या पोरांत सांगलीचे विजय हजारे होते. अबोल स्वभावाचे, खेळपट्टीवर ठाण मांडून बसणारे. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधले हे भारतीय फलंदाजाचे पहिले त्रिशतक मानले जाते. त्याच डावात त्यांनी आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भर घातली. आठ गडी बाद झाल्यावर शेपटाने एवढ्या धावा कराव्यात, यावरून संघ कसा होता ते कळते. त्या हंगामात अंतिम सामना पुण्यातच झाला आणि महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशचा, दहा गडी राखून पराभव केला. करंडक पहिल्यांदा महाराष्ट्राकडे आला. कर्णधार देवधर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

पुढचा हंगाम १९४०-४१ चा. आमच्या मते देवधरांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना याच हंगामातला, आणि तो अंतिम सामना नव्हे. तो पुण्यात मुंबईविरुद्ध झालेला. महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांतल्या २४६ एकट्या देवधरांच्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, संस्कृतचे वर्ग घेणारा माणूस उन्हात उभा राहून २४६ करतो, हे आज टीव्हीवर वीस षटकांचे सामने बघणाऱ्या मुलांना कसे समजावून सांगावे तेच कळत नाही. ही त्यांची कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या ठरली. पण गोष्ट तिथे संपली नव्हती. मुंबईनेही हार मानली नाही. रांगणेकर यांनी द्विशतक झळकावले आणि मुंबई ६५० पर्यंत येऊन पोहोचली. दोन डावांत १३२५ धावा, आणि फरक अवघा पंचवीस. अशा वेळी पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरते. महाराष्ट्र पुढे गेला आणि मुंबई बाहेर पडली. त्या हंगामात रंगा सोहोनी हा तरुण अष्टपैलू खेळाडूही बहरात होता. पश्चिम भारत संघाविरुद्ध त्याने नाबाद २१८ धावा केल्या. अंतिम सामना मद्रासला झाला आणि तिथे जाऊन महाराष्ट्राने सहा गडी राखून करंडक राखला. लागोपाठ दुसऱ्यांदा.

सदू शिंदे हा लेगस्पिनरही याच सुमारास महाराष्ट्राकडून खेळू लागला. पुढे १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत त्याने इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत टिपले. (हे शिंदे म्हणजे शरद पवारांचे सासरे. शिंदे १९५५ मध्येच वारले.)

आता इंग्लंडच्या त्या खालच्या विभागाची गोष्ट पुन्हा आठवा. दुसरा करंडक घरी आला आणि त्याच वर्षी विजय हजारे बडोद्याच्या संस्थानात नोकरीला गेले. त्यांना दोष देता येणार नाही. क्रिकेटवर घर चालत नव्हते आणि बडोद्यात पोटाची सोय होती. १९४२-४३ चा करंडक बडोद्याने जिंकला. १९४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यासाठी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची प्रचंड भागीदारी रचली. इंदूरच्या होळकरांनीही सी. के. नायडूंना आणून बलाढ्य संघ उभा केला. आणि मुंबईने १९४३-४४ मध्ये हिशेब चुकता केला. विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ धावा केल्या.

देवधर मात्र कुठे गेले नाहीत. ते पुण्यातच होते. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढली, १०५ आणि १४१. वयाची बावन्न वर्षे पूर्ण झाली होती. या वयात आम्ही शिक्षक मंडळी क्रीडादिनाला पालकांच्या संगीतखुर्चीतसुद्धा दम लागून बाहेर पडतो. १९४८ पर्यंत ते खेळत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संपलेली अशी ही कारकीर्द. ८१ सामने, ४५२२ धावा, नऊ शतके, सरासरी ३९.३२.

त्याच १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात आणखी एक नवल घडले. निपाणीहून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावांवर होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम हाताच्या अंतरावर होता. पण काठेवाडच्या कर्णधाराने सामना तिथेच सोडून दिला. निंबाळकरांनाही देवधरांसारखीच कसोटी कधी खेळायला मिळाली नाही. आमच्या भागातले जुने लोक या दोन नावांचा उल्लेख एकत्रच करतात.

खेळ थांबल्यावर देवधर राष्ट्रीय निवड समितीवर होते, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, भारतीय मंडळाचे उपाध्यक्षही झाले. घरात मात्र मुलींनी वेगळा खेळ धरला. तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही देवधर भगिनींनी १९४० च्या दशकात देशातले महिला बॅडमिंटन गाजवले. मुलगी मैदानात उतरली तर लोक काय म्हणतील, असे कित्येक घरांत विचारले जाई, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या पालकवर्गापैकी कोणी अजूनही मुलीला सरावाला पाठवायला का-कू करत असेल, तर त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

१९६५ मध्ये देवधरांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने मर्यादित षटकांची देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. दिवसदिवस खेळपट्टीवर उभे राहणाऱ्या माणसाचे नाव झटपट क्रिकेटच्या करंडकाला मिळाले, याची आम्हाला थोडी गंमत वाटते. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाचेही शतक पूर्ण केले.

महाराष्ट्राचा संघ त्यांच्यानंतर तीनदा रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. १९७०-७१ मध्ये मुंबईने हरवले. १९९२-९३ मध्ये पंजाबने हरवले, तेव्हा देवधर हयात होते, एकशे एक वर्षांचे. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तिसरा अंतिम सामना २०१४ च्या सुरुवातीला हैदराबादला झाला आणि समोर होता कर्नाटकचा संघ. कर्नाटक सात गडी राखून जिंकला. त्या दिवसांत आमच्या वर्गांतली मुले कोणाच्या बाजूने होती ते विचारू नका. बाकावर शेजारी बसणारे दोघे दोन बाजूंचे होते आणि मधल्या सुट्टीत डबा मात्र एकच खात होते.