तेलाच्या थेंबाशी भांडता भांडता एका सुतारानं बेअरिंगला पिंजरा दिला

घरच्या घरी आर्केड गेमचा स्पिनर बनवणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, बेअरिंग कोणतं घ्यायचं? टेम्पेस्टसारख्या गेममध्ये नॉबला एक झटका दिला की तो फिरत राहायला हवा. पण नव्या बेअरिंगमध्ये बरेचदा घट्ट ग्रीस भरलेलं असतं आणि नॉब लगेच थांबतो. मग ते ग्रीस धुऊन काढा, पातळ तेलाचा थेंब सोडा, असे उद्योग सुरू होतात.

हेच दुखणं घेऊन एक माणूस तीनशे वर्षांपूर्वी बसला होता. जॉन हॅरिसन.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये 1693 साली एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. पुढं हे कुटुंब लिंकनशायरमधल्या बॅरो गावात गेलं. जॉन बापाचाच धंदा शिकला. घड्याळजीकडे उमेदवारी केलेली नसताना 1713 मध्ये, विशीतच, त्यानं एक मोठं घड्याळ बनवलं. त्याची चाकंसुद्धा लाकडाची होती.

आता तुम्ही म्हणाल, यात तेल कुठं आलं? तर त्या काळचं तेल म्हणजे घड्याळाचा वैरी. थंडीत घट्ट व्हायचं, उन्हाळ्यात पातळ, आणि काही महिन्यांनी चिकट राळ होऊन बसायचं. 1722 च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्कच्या मनोऱ्यासाठी घड्याळ करताना हॅरिसननं तेलाचीच सुट्टी केली. घासणाऱ्या जागी त्यानं लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड वापरलं. हे लाकूड मुळातच तेलकट असतं, वरून काही सोडावं लागत नाही. ते घड्याळ आजही चालतं.

पण खरा पैसा समुद्रात होता. 1707 मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजं खडकांवर आदळून हजाराहून जास्त माणसं बुडाली होती. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठं आहोत, हे कळायचा भरवसाच नव्हता. 1714 मध्ये संसदेनं 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं. अट काय, तर वेस्ट इंडिजपर्यंतच्या प्रवासात रेखांशाची चूक अर्ध्या अंशाच्या आत हवी. पृथ्वी 4 मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ वापरायचं तर सहा आठवडे हेलकावे खाऊनही ते 2 मिनिटांपेक्षा जास्त चुकता कामा नये.

1735 मध्ये त्याचं पहिलं सागरी घड्याळ, एच-1, तयार झालं. पुढच्या वर्षी ते लिस्बनला जाऊन आलं. दुसरं त्याचं त्यालाच पटलं नाही. तिसऱ्यावर, म्हणजे एच-3 वर, गडी तब्बल 19 वर्षं बसला.

आपल्या कामाची गोष्ट याच घड्याळात आहे. आसाभोवती रोलर बसवले की घासण्याऐवजी घरंगळणं सुरू होतं आणि झीज कमी होते. पण रोलर मोकळे सोडले तर ते एकमेकांवरच घासतात. हॅरिसननं ते पितळी पिंजऱ्यात एकमेकांपासून अंतर ठेवून बसवले. तेलाची गरजच नाही! सायकलच्या हबमधले छर्रे ज्या केजमध्ये बसतात, तिची पणजी हीच म्हणा. तापमानानुसार वाकणारी दोन धातूंची पट्टीही याच घड्याळासाठी त्यानं शोधली.

एवढं करून एच-3 काही बक्षिसाच्या लायकीचं झालं नाही.

मग साठी गाठल्यावर त्यानं उलटाच रस्ता धरला. 1759 मध्ये एच-4 पूर्ण झालं, सुमारे 13 सेंटीमीटर रुंदीचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. त्यात हिरे-माणकं वापरली होती आणि त्याला चक्क तेल लागायचं. आयुष्यभराचा हट्ट सोडणं किती जड गेलं असेल! 1761 मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. नेहमीची दैनंदिन चूक वजा केल्यावर 81 दिवसांत फरक पडला फक्त 5 सेकंदांचा.

तरी रेखांश मंडळ पैसे सोडेना. पुन्हा बार्बाडोसची चाचणी, मग घड्याळ खोलून दाखव, मग आणखी नकला करून दाखव. मंडळावर बसलेला राजज्योतिषी मास्कलिन स्वतः चंद्रावरून रेखांश काढायच्या पद्धतीचा पुरस्कर्ता, आणि एच-4 तपासायलाही त्याच्याकडेच! 1765 मध्ये निम्मी रक्कम मिळाली. शेवटी राजा तिसरा जॉर्ज यानं एच-5 ची स्वतःच्या वेधशाळेत चाचणी घेतली, तेव्हा 1773 मध्ये संसदेनं 8,750 पौंड दिले. हॅरिसन ऐंशी वर्षांचा झाला होता. बक्षीस म्हणून ठरलेलं बक्षीस त्याला कधीच जाहीर झालं नाही. 24 मार्च 1776 रोजी लंडनमध्ये तो गेला.

त्याची ही घड्याळं आज ग्रीनिचच्या वेधशाळेत बघायला मिळतात. पहिली तीन चालू ठेवलेली असतात. एच-4 मात्र बंद ठेवतात. चालवायचं तर तेल घालावं लागेल, आणि चालून चालून ते झिजेल.